कुंपण नसलेले शिवार

नोव्हेंबर संपत आला होता. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या लॅक्सटन या लहानशा गावाच्या शिवारात, नुकताच गहू उगवून आलेल्या रानात, दहाबारा शेतकरी एका पट्ट्याच्या टोकाशी थांबले. नांगरटीची कड ठरल्या रेषेच्या हातभर पुढे, गवतात गेलेली होती. दोघांनी वाकून पाहिले, एकाने पावले टाकून अंतर घेतले, आपसांत चारदोन शब्द झाले आणि वहीत नोंद झाली. ज्याचे ते रान होते तो माणूस त्याच घोळक्यात उभा होता. त्याने खुलासा केला नाही, कपाळाला आठी घातली नाही. शेजाऱ्याच्या हातातला घण घेऊन त्याने हद्दीची खुंटी स्वतःच ठोकली आणि सगळ्यांबरोबर तो पुढच्या पट्ट्याकडे चालू लागला. बुटांना लाल चिकणमातीचे थर चढलेले, हवेत ओल्या पाचोळ्याचा वास, आणि मैलभर लांबपर्यंत डोळ्यांना अडवणारे काहीही नाही. मुलीकडे नॉटिंगहॅमला गेले असताना केवळ कुतूहलापोटी मी हे पाहायला गेले होते. त्या माणसाचा शांत चेहरा मात्र अजून मनातून जात नाही.

मी माण-खटावकडच्या कोरडवाहू मुलखातली. आमच्या घरात बांध कोरण्याचा विषय जेवताना निघाला की आजी ताटावरून उठून जायची. चुलत्यांच्या आणि आमच्या रानामधल्या बांधावरून माझ्या लहानपणी बैलगाडी जात असे. त्यावर बोरी होत्या, घायपात होता, पावसाळ्यात कुर्डूची भाजी खुडायला आम्ही मुली तिथेच जायचो. पुढे दरवर्षी नांगरटीला तो दोन्ही बाजूंनी थोडा थोडा झिजत गेला आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्यावरून एका माणसाला धड चालता येईना. मग मोजणी आली, फेरमोजणी आली, तालुक्याचे हेलपाटे आले. कोणी कोणाचे किती खाल्ले याचा निकाल लागला तेव्हा ज्या दोघांत वाद होता ते दोघेही हयात नव्हते. असे बालपण ज्याच्या गाठीशी आहे त्याला स्वतःच्या चुकीची खुंटी स्वतःच्या हाताने ठोकणारा शेतकरी दिसल्यावर काय वाटेल, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

लॅक्सटनचे शिवार इंग्लंडमध्ये जवळजवळ एकटेच उरले आहे. एके काळी इंग्लंडच्या मध्यभागातली बहुतेक गावे अशीच होती. गावाभोवती तीन-चार अवाढव्य राने, त्यांना आतून कुठेही कुंपण नाही, आणि प्रत्येक रानात प्रत्येक कुटुंबाचे विखुरलेले पट्टे. लॅक्सटनला अशी तीन राने आजही आहेत, मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड, मिळून पाचशे एकरांच्या आसपास. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे विसाव्याला सोडलेले. पुढच्या वर्षी पाळी एकेक घर पुढे सरकते. कोणाला स्वतःच्या पट्ट्यात मनाला येईल ते पेरता येत नाही, कारण त्याचा पट्टा सगळ्यांच्या पट्ट्यांच्या मधोमध असतो आणि पीक निघाल्यावर पूर्वी त्या सबंध रानावर गावाची गुरेमेंढरे चरायला सुटत. चांगली जमीन, हलकी जमीन, पाणथळ, उतार, हे सगळे थोडे थोडे प्रत्येकाच्या वाट्याला यावे म्हणून पट्टे विखरून ठेवलेले. आमच्याकडेही वाटण्या होताना जुनी माणसे असेच म्हणायची की काळ्या रानातही वाटा द्या आणि मुरमाटातही द्या, एकाच्याच पदरात सगळे वाईट नको.

पट्ट्यांचा आकार पाहिला की बैल दिसायला लागतात, इतका तो बैलांच्या चालीशी जुळलेला आहे. चिवट मातीत जड लाकडी नांगर ओढायला आठ-आठ बैल जुंपायचे, आणि एवढी लांब जुंपणी पुन्हा पुन्हा वळवणे म्हणजे सगळ्यात कष्टाचे काम. म्हणून तास होईल तितके लांब काढायचे आणि वळण कमीत कमी ठेवायचे. दोनशे वीस यार्ड लांब आणि बावीस यार्ड रुंद एवढी जमीन म्हणजे एक एकर, ढोबळमानाने एका जोडणीचे एका दिवसाचे काम. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड असते ती हीच, एकराची रुंदी. आपल्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकर लिहिला गेला आणि गल्लोगल्ली आपण पावलांनी खेळपट्टी मोजली, त्या दोन्हींच्या मुळाशी थंड मुलखातल्या बैलांचा दम आहे हे मला त्या रानात उभे राहिल्यावर प्रथमच उमगले. पट्ट्याच्या टोकाशी बैल वळवायला आधीपासून कललेले असत, त्यामुळे जुन्या पट्ट्यांना दोन्ही टोकांना किंचित बाक आहे. इंग्लंडात कित्येक कुरणांत संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते बाकदार वरंबे गवताखालून अजून वर येतात. त्यांवर आता मेंढ्या चरतात. नांगर तिथून शतकांपूर्वीच गेला.

गावाच्या माहितीकेंद्रात एका नकाशाची प्रत पाहायला मिळाली. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने 1635 मध्ये लॅक्सटनचे सबंध शिवार मोजून तो काढला. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शेकडो पट्टे एकाला एक लागून काढले आहेत आणि सोबतच्या खतावणीत प्रत्येकाचे क्षेत्र आणि खातेदार आहे. नकाशा म्हणून तो अचूक आहेच, पण मोजणीदाराचा हात तेवढ्यावर थांबलेला नाही. पट्ट्यांमध्ये जागोजागी बोटाच्या पेराएवढी माणसे आहेत. कोणी नांगर धरला आहे, कोणी कापणी करतो आहे, कुठे हरणामागे शिकारी धावत आहेत. कापणी करणाऱ्यांच्या पाठी वाकलेल्या आहेत आणि त्या वाकण्यात कसलीही सजावट नाही. मी त्या प्रतीपुढे बराच वेळ उभी होते. जमिनीच्या कागदावर राबणारा माणूसही काढावा असे ज्याला वाटले, त्या मोजणीदाराबद्दल मला माया वाटली.

हा नकाशा काढवून घेतला तो गावाच्या तेव्हाच्या मालकाने, सर विल्यम कोर्टन याने. लंडनचा बडा व्यापारी, राजाला कर्ज देणारा. विकत घेतलेल्या गावात आपले नेमके काय काय आहे हे त्याला कागदावर हवे होते. आणि याच कोर्टनने त्याच वर्षी, 1635 मध्ये, राजा पहिल्या चार्ल्सकडून पूर्वेकडे व्यापाराचा परवाना मिळवला, ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला छेद देऊन. त्याच्या मंडळीची जहाजे कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली 1636 मध्ये निघाली आणि थेट गोव्याला येऊन लागली. पुढे भटकळला, कारवारला त्यांच्या वखारी झाल्या. कोर्टन मात्र ते यश-अपयश पाहायला उरला नाही; जहाजे निघाली त्याच वर्षी तो वारला आणि त्याच्या वारसांच्या गळ्याला कर्ज लागले. लॅक्सटन विकले गेले, पिअरपाँट घराण्याकडे गेले, आणि त्याच घराण्यातले पुढचे अर्ल मॅन्व्हर्स तीनशे वर्षांनंतरही गावाचे मालक होते. ज्या माणसाच्या एका हाताने या शिवाराचा इंच न्‌ इंच मोजला त्याचाच दुसरा हात आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता, हे कळल्यावर तो नकाशा मला पहिल्याइतका निरागस राहिला नाही. मोजणी कोण करतो आणि कशासाठी करतो, हा प्रश्न आपल्या मुलखाला चांगलाच ठाऊक आहे. 1836 नंतर इंदापूर भागापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दख्खनची पाहणी नव्याने बसवली, रानोरान हद्दीच्या खुणा उभ्या केल्या, आणि मग सारा ठरला तो त्या खुणांमधल्या जमिनीवर.

आता मूळ प्रश्नाकडे येते. बाकीच्या गावांची अशी राने गेली कुठे?

ती कुंपणात गेली. 1604 ते 1914 या काळात इंग्लंडच्या संसदेने यासाठी पाच हजार दोनशेहून अधिक कायदे केले आणि अडुसष्ट लाख एकर, म्हणजे देशाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा, कुंपणाआड गेला. सगळ्यात मोठी लाट आली ती अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांत. विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला एकसंध जमीन द्यायची, गायरान वाटून टाकायचे, भोवती झुडपांचे कुंपण घालायचे. शेती सुधारली, यात शंका नाही. ज्याला नवे पीक घ्यायचे होते, निचरा करायचा होता, चांगली जनावरे पाळायची होती, त्याला शेजाऱ्याची परवानगी लागेनाशी झाली. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती, केवळ गायरानावर एक गाय चारायचा आणि जळण आणायचा हक्क होता, त्याच्या हाती फार थोडे आले किंवा काहीच आले नाही. कागदावर दाखवता येईल असा हक्क त्याच्यापाशी नसायचा. आजा चारायचा, बाप चारायचा म्हणून तोही चारायचा. कापणीनंतर बायकामुले रानात सरवा वेचायची, त्यावर घरात हिवाळ्याचे पीठ व्हायचे. 1788 मध्ये न्यायालयाने सांगितले की कायद्याने असा सरवा वेचण्याचा हक्क कोणालाही नाही. आमच्या आळीतल्या कितीतरी बाया ज्वारीच्या रानात सरवा वेचताना मी पाहिल्या आहेत. ओच्यात जमवलेली कणसे त्या घरी जाऊन बडवायच्या आणि त्यातली भाकरी मी खाल्लेली आहे. म्हणून त्या एका निकालाची ओळ वाचताना मला कायद्याचे पुस्तक दिसले नाही, ओचे दिसले.

आगगाडीच्या खिडकीतून जे इंग्लंड आपल्याला इतके देखणे वाटते, हिरव्या चौकोनांचे, काटेरी झुडपांच्या ओळींनी शिवलेले, त्यातले पुष्कळसे त्याच वाटणीने जन्माला घातलेले आहे. हे कळल्यावरही ते सुंदरच दिसते, आणि मला तसे दिसते याची बोचही राहते. लॅक्सटनचे उघडे रान त्यापुढे ओकेबोके वाटते. झाड नाही, आडोसा नाही, वारा सरळ अंगावर येतो. पण गाव मात्र भरलेले आहे. शेतकऱ्यांची घरे सगळी रस्त्यालगत, एकमेकांना लागून, कारण ज्याचे पट्टे तिन्ही दिशांना विखुरलेले त्याने कोणत्या एका रानात घर बांधावे? जिथे कुंपणे आली तिथे शेतकरी गाव सोडून आपल्या एकसंध जमिनीच्या मध्यावर राहायला गेला. आमच्याकडे विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, तशी माणसे गावठाण सोडून वस्तीवर गेली आणि गावातले वाडे पडत गेले. दोन्हीकडे घराला प्रशस्त अंगण मिळाले आणि संध्याकाळी बोलायला माणूस उरला नाही.

मग लॅक्सटनच का वाचले? मला आशा होती की गावकऱ्यांनी एकजुटीने विरोध केला असे काही ऐकायला मिळेल. तसे नाही. गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कार्बरो, आणि वाटणी कशी करायची यावर त्यांचे एकमत झाले नाही. शिवाराचा काही भाग वेळोवेळी कुंपणात गेलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्सने उरलेले पट्टेही एकत्र करून रुंद केले, म्हणजे आपल्याकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानंतर एकत्रीकरणाने जे केले तेच तिथे जमीनदाराने केले. तरी राने उघडी राहिली. पुढे जमीनदारी परवडेनाशी झाली तेव्हा 1952 मध्ये गाव कृषी मंत्रालयाने विकत घेतले, 1981 मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले आणि 2020 मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्याच थोर्सबी मालमत्तेकडे आले. या सगळ्या खरेदीविक्रीत जमीन कसणाऱ्या कुटुंबांचे नाव मालक म्हणून कुठेही नाही. ती कुळेच होती आणि कुळेच आहेत.

ही गोष्ट मला पचायला जड गेली. कूळकायद्याने जमीन नावावर झाल्याचा दिवस आमच्या गावात अजून सणासारखा सांगितला जातो. कसेल त्याची जमीन हे वाक्य ऐकत मी वाढले आणि त्यावर माझा आजही विश्वास आहे. तरीही लॅक्सटनच्या रानात असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही की ही कुळे मालक झाली असती तर पहिल्या पिढीत नाही, तर दुसऱ्या पिढीत कोणीतरी आपला पट्टा विकला असता, कोणीतरी तारा ओढल्या असत्या, आणि आठशे-नऊशे वर्षे चाललेली ही रीत एका दुपारी संपली असती. मालकी दुसऱ्याची आहे म्हणून वहिवाट सगळ्यांची राहिली. हे न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. पण ते तसे घडले आहे.

वहिवाट सांभाळणारी यंत्रणा म्हणजे गावाचे स्वतःचे न्यायालय, कोर्ट लीट. मध्ययुगात अशी न्यायालये गावोगाव होती. जमीनदाराचा कारभारी त्याचा प्रमुख, पण पाहणी करणारे आणि दंड ठरवणारे पंच गावातलेच शेतकरी. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा न्यायालयांचे उरलेसुरले अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्सटनला वगळले. म्हणून आजही नोव्हेंबरच्या शेवटी ज्यूरीचा दिवस असतो. शपथ घेतलेले बारा जण गहू पेरलेल्या रानात फिरतात, हद्दीला खुंट्या ठोकतात, चर बुजले का पाहतात, आणि मुख्य म्हणजे ‘साइक’ नावाच्या गवताच्या पट्ट्यांवर कोणी नांगर घातला का हे तपासतात. या पट्ट्या ओघळींच्या कडेने आहेत, नांगरायला गैरसोयीच्या म्हणून सोडलेल्या, सगळ्या गावाच्या. त्यांवरचे गवत दरवर्षी उन्हाळ्यात लिलावाने विकले जाते आणि कित्येक शतके नांगर न लागल्यामुळे तिथे जी रानफुले उरली आहेत ती आसपासच्या शेतांतून केव्हाच नाहीशी झाली आहेत. पाहणी झाली की मंडळी ‘डव्हकोट इन’ या गावातल्या एकुलत्या खाणावळीत जेवायला बसतात आणि तिथेच दंड ठरतात. पुढच्या आठवड्यात त्याच जागी न्यायालय भरते. दंडाच्या रकमा किरकोळ असतात.

रक्कम किरकोळ असूनही तो दंड लागतो, असे मला त्या जेवणाच्या वेळी जाणवले. पलीकडच्या टेबलावर तो खुंटी ठोकणारा शेतकरी बसला होता. त्याच्या हातभर अतिक्रमणाचा आकडा त्याच्यासमोरच ठरला, लिहिला गेला, आणि त्याने मान हलवून तो मान्य केला. यात थोरपणा आहे असे त्यालाही वाटत नसावे. गेल्या वर्षी तो दुसऱ्याच्या रानात असाच वाकून पाहत होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहील. आमच्या बांधाचा वाद मिटवायला जे आले ते सगळे लांबचे होते. मोजणीदार लांबचा, वकील लांबचा, निकाल देणारा त्याहून लांबचा, आणि त्यांतल्या कोणालाही त्या बांधावर पुढच्या पावसाळ्यात चालायचे नव्हते. दरवर्षी, वाद असो नसो, दोन्ही घरची माणसे शेजारच्या चारचौघांना घेऊन त्या बांधावरून एकदा चालली असती, तर वीतभर खाल्लेले वीतभरच राहिले असते. हेन्री मेन हे इंग्रज कायदेपंडित हिंदुस्थानात सात वर्षे कायदेमंत्री होते. परत गेल्यावर 1871 मध्ये त्यांनी आपल्याकडची गावकी आणि इंग्लंडची ही जुनी राने यांची तुलना मांडली. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी आजचे अभ्यासक सहमत नाहीत. गावकीत कोणाला बसायला जागा होती आणि कोणाला वेशीबाहेर उभे राहावे लागत होते हे विसरून मीही त्या गावकीचे गोडवे गाणार नाही. लॅक्सटनच्या न्यायालयातही भूमिहीनाचा आवाज कधी होता? पण पाहणी करणारा आणि पाहिला जाणारा यांनी एकाच चिखलातून चालायचे, एवढा भाग त्या व्यवस्थेतून उचलून घेता आला असता तर आमची आजी ताटावरून उठली नसती, असे मला मनापासून वाटते.

ज्यूरीला बारा माणसे लागतात, आणि बारा माणसे मिळायला तितकी घरे शेतीवर जगली पाहिजेत. आजच्या अवजारांना पाचशे एकर म्हणजे एक-दोन शेतकऱ्यांचे काम आहे. इथे त्यावर आणि भोवतालच्या कुंपणातल्या शेतांवर कितीतरी कुटुंबे उभी राहायची आहेत. जेवणानंतर मी एका शेतकरीणबाईंशी बोलत होते. त्यांचे यजमान सकाळी वहीत नोंदी करत होते. मुलगा शेतीत आहे का असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की तो नेवर्कला नोकरी करतो, पण नांगरट आणि कापणीला रजा काढून येतो. मग थोडे थांबून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी ज्यूरीत त्याचं नाव घालायचं आम्ही ठरवलंय. रजेचं त्यानं साहेबांना आत्ताच सांगून ठेवलंय.”